चारशे बारा मुखत्यार

"पडणार," चौगुले अण्णा म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचा पडदा सारिकाकडे वळवला. "तूच बघ. नाहीतर उद्या म्हणशील, अण्णांनी पाडला."

पडद्यावर तीन आकडे होते. बाजूने एकोणतीस, विरोधात तीनशे एकाहत्तर, तटस्थ बारा. ठराव दोन ओळींचा होता. कोअर शॉपमध्ये ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या सेहेचाळीस बायकांना संघटनेचं सभासद करून घ्यावं, एवढंच त्यात म्हटलं होतं. सारिका मगदूमनं तो त्याच दिवशी सकाळी लिहून दिला होता. सभेला अजून बारा दिवस होते, ठराव कुणी वाचलाही नव्हता आणि तो पडून मोकळा झाला होता.

"अण्णा, माणसांना विचारा तरी आधी."

"विचारलंय की. चारशे बारा जणांना विचारलंय. तीन सेकंद लागले."

सारिकानं कपाळाला हात लावला. कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या या फाउंड्रीत ती बावीस वर्षं तपासणी खात्यात होती आणि त्यातली दहा वर्षं संघटनेची सहचिटणीस. चौगुले अण्णा तेरा वर्षं अध्यक्ष. माणूस सरळ, नियमाला पक्का, फक्त अलीकडे थकलेला. भांडायला समोर कुणी लबाड असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

सभासदाच्या वतीनं यंत्रानं मत द्यायचं, ही मुखत्याराची कल्पना वाईट नव्हती, हे आधी सांगायला हवं. संघटनेच्या घटनेप्रमाणे सभेला एक तृतीयांश सभासद हवेत, म्हणजे एकशे अडतीस. जमायचे तीस-पस्तीस. मग नोटिशीच्या तळाशी असतं ते वाक्य कामाला यायचं: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. आपल्याकडे जिथे म्हणून चार माणसं मिळून काही चालवतात, तिथे हे वाक्य असतंच. अर्धा तास चहा प्यायचा आणि मग त्याच तीस जणांनी चारशे जणांचं ठरवायचं. अण्णांना याची मनापासून लाज वाटायची.

पाच वर्षांपूर्वी पुण्याच्या एका सहकारी संगणक संस्थेनं त्यावर उपाय आणला. प्रत्येक सभासदाचा एक मुखत्यार. संघटनेच्या दफ्तरात वर्षानुवर्षांचे आवाज साठलेले होते: द्वारसभांची भाषणं, तक्रारपेटीत सोडलेले बोलके निरोप, फोनवरच्या गटावरची भांडणं, आधीची मतदानं. भाषा शिकलेलं एक मोठं यंत्र सगळ्यांना सामाईक. त्याच्यावर ज्याच्या त्याच्या बोलण्याचा एक पातळ थर चढवायचा की त्या सभासदाचा मुखत्यार तयार. त्याच्यासमोर ठराव ठेवला की आपला माणूस काय म्हणाला असता, हे तो सांगतो. माणूस स्वतः सभेला आला तर मुखत्यार गप्प. नाही आला तर मुखत्यार हजर, आणि त्याचं मत ग्राह्य. पहिल्याच वर्षी पडताळा घेतला, तेव्हा शंभरातली चौऱ्याण्णव मतं माणसांच्या खऱ्या मतांशी जुळली. लोकांना केवढं कौतुक! घरी पाय पसरून टीव्ही बघायचा आणि तिकडे आपण सभेत जबाबदारीनं हात वर करतोय.

सभा पूर्ण भरू लागल्या. सगळे ठराव रीतसर, सगळी मतं मोजलेली. मग अण्णांनी आणखी एक सोय शोधली. ठराव विषयपत्रिकेवर घ्यायच्या आधीच मुखत्यारांना दाखवायचा आणि कल बघायचा. पडणारा असेल तर घ्यायचाच नाही, उगाच कडवटपणा कशाला? त्यामुळे गेल्या तीन वर्षांत एकही ठराव पडला नव्हता. सभा अकरा मिनिटांत संपायची. वाद नाही, आरडाओरडा नाही, खुर्च्यांची मोडतोड नाही. सारिकाला सुरुवातीला हे बरं वाटलं होतं. पुढे पुढे सभागृहात बसलं की शोकसभेत बसल्यासारखं वाटायचं, पण बोलणार कुणाशी?

"आणि हे बघ," अण्णा जरा चाचरत म्हणाले, "विरोधातल्यांची यादी. मगदूम सारिका. खात्री एक्याण्णव टक्के."

तिनं आपलं नाव दोनदा वाचलं.

"हा माझा मुखत्यार? माझ्याच ठरावाच्या विरोधात?"

"आता मी काय सांगू," अण्णा म्हणाले. "तुझ्यापेक्षा तो तुला जास्त ओळखतो म्हणायचं."

ती उठली आणि दार जरा जोरातच लावून बाहेर पडली.

कोअर शॉप म्हणजे वाळूचे गाभे करायचा विभाग. इथे ओतल्या जाणाऱ्या पंपाच्या आतली पोकळी ज्या आकाराची हवी, त्या आकाराचा गाभा वाळू आणि राळ मिसळून करायचा, साच्यात ठेवायचा आणि भोवती लोखंड ओतायचं. ओतायचं काम केव्हाच रोबोटांनी घेतलं होतं. पण हाताच्या बोटाएवढे बारीक गाभे त्यांच्या चिमट्यात तुटायचे. तो नाजूकपणा अजून बायकांच्याच बोटांत होता, आणि म्हणून सेहेचाळीस बायका सकाळी सात ते संध्याकाळी सात तिथे उभ्या असायच्या. कायम कामगारांच्या पाळ्या आठ तासांच्या, यांच्या बारा. ठेकेदाराच्या कागदावर आठच.

दोन वर्षांपूर्वी सारिकाचं तपासणीचं टेबल या विभागात हलवलं गेलं आणि तिची हसीना शिकलगारशी गाठ पडली. हसीना चव्वेचाळीस वर्षांची, बोलायला फटकळ, हात असा की दिवसाला एकही गाभा फुटत नसे. दोघी एका डब्यात जेवायच्या. या महिनाअखेर ठेका संपणार होता. नव्या ठेकेदारानं बोटांच्या चपळाईची चाचणी ठेवली होती आणि चाळिशीपुढच्या बाईला ती पास होणं अवघड होतं. सेहेचाळीसातल्या तीस जणी चाळिशीपुढच्या. एक तारखेला कंपनीशी नव्या कराराची बोलणी सुरू होणार होती, आणि मागणीपत्रात नाव घालायचं तर आधी सभासद असायला हवं. एवढं सगळं त्या दोन ओळींच्या ठरावावर लटकलं होतं.

"म्हंजे मशिननं आमास्नी नको म्हटलं?" भाकरी मोडत हसीनानं विचारलं.

"मशीननं नाही. माणसांच्या वतीनं मशीननं."

"कुठल्या मानसांच्या? भट्टीवरचा तानाजीदादा काल हितं बसून आमचं लोनचं खाऊन गेला की."

"त्याचा मुखत्यार विरोधात आहे. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के."

"आनि तुमचा?"

सारिकाला खोटं बोलावंसं वाटलं. पण डबा एक, खोटं बोलायचं कुठल्या तोंडानं? "माझाही," ती म्हणाली.

हसीना हसली नाही, रागावलीही नाही. "असंल," ती म्हणाली. "टाळेबंदीतलं तुमचं भाषान मी ऐकलंय, ताई. टेम्पोत हुतो आमी, ताडपत्रीखाली."

अकरा वर्षांपूर्वीची टाळेबंदी. सत्तेचाळीस दिवस फाटक बंद होतं आणि मागच्या दारानं मालक ठेक्याची माणसं आत नेत होता. त्या दिवशी सारिकानं द्वारसभेत पहिल्यांदा ध्वनिक्षेपक हातात घेतला. ठेक्याची माणसं म्हणजे आपल्या पोटावर ठेवलेला पाय आहे, मी जिवंत असेपर्यंत त्यांना संघटनेची पायरी चढू देणार नाही, असं ती ओरडून म्हणाली होती. टाळ्या थांबता थांबत नव्हत्या. त्या एका भाषणावर ती पुढच्या वर्षी कार्यकारिणीत निवडून आली.

"मग दोन वर्षं काही बोलली का नाहीस?" सारिकानं विचारलं.

"काय बोलनार? तुमीबी कुठं काय बोलला?"

पाळी साडेतीनला सुटली तशी सारिका संघटनेच्या कार्यालयात गेली. अण्णा नव्हते. तिनं यंत्र सुरू केलं आणि स्वतःच्या मुखत्याराला पुढे बोलावलं. तो तिच्याच आवाजात बोलायचा. आरशातल्या माणसानं आपल्याआधी तोंड उघडावं तसं तिला दर वेळी वाटायचं, म्हणून ती सहसा त्याच्या वाटेला जात नसे.

"माझ्या ठरावाच्या विरोधात का गेलास?"

"तुमच्या बोलण्यावरून," तिचा आवाज म्हणाला. "टाळेबंदीतलं भाषण, सात मिनिटं. त्यानंतरच्या तीन द्वारसभा. हे सगळं तुम्ही मोठ्या आवाजात, ठामपणे, लोकांसमोर बोललात. अशा बोलण्याला वजन जास्त."

"अकरा वर्षं झाली त्याला! माझं मत बदललंय आता."

"त्याची नोंद नाही."

"नोंद कशाला हवी? मी दोन वर्षं त्या बायकांबरोबर जेवतेय."

"जेवणाची नोंद होत नाही. या विषयावर तुम्ही गेल्या दोन वर्षांत सभेत, गटावर किंवा तक्रारपेटीत एक वाक्यही बोललेला नाही. तावातावानं बोललेलं जड धरतात, पुटपुटलेलं हलकं. मनातलं मला ऐकू येत नाही."

सारिकाला इतका संताप आला की तिनं टेबलावरची पाणी प्यायची बाटली उचलून परत ठेवली. यंत्रावर ओरडण्यात अर्थ नव्हता आणि ते खोटंही बोलत नव्हतं. दोन वर्षांत किती कार्यकारिण्या झाल्या, किती वेळा विषय जिभेवर आला, आणि दर वेळी तिनं तो गिळला. का? तर त्या भाषणावर निवडून आलेली बाई उलटी बोलली तर लोक काय म्हणतील!

"मग तुला सुधारायचं कसं?"

"नूतनीकरण करा. नियमाप्रमाणे प्रत्येक सभासदानं दर वर्षी वीस मिनिटं मुखत्याराशी बोलून आपली सध्याची मतं सांगायची असतात. न केल्यास मुखत्यार त्या वर्षापुरता अवैध. तुमचं शेवटचं नूतनीकरण चार वर्षांपूर्वीचं."

"चार वर्षांपूर्वीचं? मग तू अजून चालतोस कसा?"

"सर्व सभासदांचं नूतनीकरण झाल्याचं सहचिटणीसांनी दर वर्षी प्रमाणित केलं आहे."

सहचिटणीस म्हणजे तीच. दर एप्रिलमध्ये पडद्यावर एक चौकट यायची, सर्व नूतनीकरणे पूर्ण झाली आहेत काय? आणि इतर पंचवीस चौकटींबरोबर ती तिथेही होय दाबायची. तिला वाटायचं, खातेप्रमुखांनी करून घेतलं असेल. खातेप्रमुखांना वाटायचं, कार्यालय बघत असेल. पहिल्या वर्षी वडापाव ठेवला होता तेव्हा रांग लागली होती. पुढच्या वर्षी वडापाव नव्हता.

तिनं नोंदवही उघडली आणि नावं तपासत गेली. चारशे बारांपैकी यंदा नूतनीकरण केलेले निघाले एकसष्ट. त्यातले बहुतेक निवृत्तीला टेकलेले, ज्यांना मुखत्याराशी गप्पा मारायला आवडायचं. बाकी तीनशे एक्कावन्न मुखत्यार चार वर्षांपूर्वीची मतं उराशी धरून रुबाबात सभेला बसत होते.

दुसऱ्या दिवशी ती अण्णांना फक्त एवढंच म्हणाली की ठराव विषयपत्रिकेवर घ्या. पडला तर पडू दे.

"बरं, घेतो," अण्णा म्हणाले. "तुझ्या समाधानासाठी. पण मग नाराज व्हायचं नाही."

त्यांना आधी सांगावं की नाही, यावर तिनं बारा दिवस डोकं खाजवलं. सांगितलं असतं तर अण्णांनी वडापाव मागवून आठवड्यात नूतनीकरणं उरकली असती. तेही त्याच जुन्या, सवयीच्या उत्तरांनी. न सांगणं म्हणजे ज्या माणसानं तिला बोट धरून संघटनेत आणलं त्याला भर सभेत तोंडघशी पाडणं. तिनं सांगितलं नाही. याबद्दल तिला पुढेही कधी चांगलं वाटलं नाही.

सभा नेहमीप्रमाणे दुपारी चार वाजता. दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात नऊ माणसं होती आणि त्यातली चार कार्यकारिणीची. समोरच्या पडद्यावर उपस्थिती झळकली: चारशे बारा. अण्णांनी घसा साफ केला. "गणपूर्ती झालेली असल्यामुळे सभेस..."

"गणपूर्ती झालेली नाही," सारिका उभी राहून म्हणाली.

अण्णा थांबले. पाच वर्षांत मध्येच कुणी बोललेलं त्यांना आठवत नव्हतं.

तिनं नोंदवहीचा उतारा वाचून दाखवला. एकसष्ट वैध मुखत्यार, अधिक हजर असलेले. एकशे अडतीसाच्या जवळपाससुद्धा आकडा जात नव्हता. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आणि चार वर्षं खोटं प्रमाणपत्र मीच दिलं. न बघता दिलं. त्यासाठी मला काढायचं असेल तर काढा. पण आजची सभा नियमानं घ्या."

अण्णांचा चेहरा पडला. "तुला हे कधी कळलं?"

"बारा दिवस झाले."

"आणि माझ्याशी बोलली नाहीस." त्यांनी खिशातून घटनेची जुनी पुस्तिका काढली. मुखत्याराची दुरुस्ती गणपूर्तीच्या कलमात घातलेली होती. तहकूब सभेच्या कलमाला कुणी हातच लावला नव्हता, कारण आता सभा तहकूब होणारच नाही अशी सगळ्यांची खात्री होती. तिथे जुनीच भाषा होती: प्रत्यक्ष हजर सभासद, हात वर करून. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि पुस्तिका मिटली. "सभा अर्ध्या तासासाठी तहकूब. साडेचारला इथेच."

मग जे झालं ते कुठल्याच मुखत्याराला सांगता आलं नसतं. त्या नऊ जणांतल्या एकानं बाहेर जाऊन फोन केला की अध्यक्ष आणि सारिका मगदूम यांची भर सभेत जुंपली आहे. ठरावासाठी जो माणूस पाच वर्षांत फिरकला नाही, तो भांडण बघायला मोटारसायकल दामटत आला. साडेचारला सभागृहात छत्तीस जण होते, आणि काही जणांनी वाटेत शेंगाही घेतल्या होत्या.

ठराव वाचला गेला. तानाजी बुचडे पहिला उठला. "माझं नाव बुचडे, भट्टी विभाग," तो म्हणाला, जणू कुणी त्याला ओळखत नव्हतं. "ह्या आत आल्या की उद्या आमच्या पोरांच्या भरतीचं काय? टाळेबंदीत आमी फाटकावर उन्हात बसलो आनि ह्या मागनं आत गेल्या. हे सारिकावैनींनीच आमास्नी शिकवलंय. आता त्याच सांगत्यात, घ्या म्हणून. आमी ऐकायचं कुनाचं, त्या सारिकावैनींचं का ह्या सारिकावैनींचं?"

लोक हसले. सारिकाला हसण्याचा राग आला आणि प्रश्नाचा आला नाही, कारण तो बरोबर होता.

"या सारिकाचं ऐका," ती म्हणाली. "ती चुकली होती. ते भाषण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं भाषण, आणि ते चुकीचं होतं. त्या बायकांना मालकानं टेम्पोत घालून आणलं तेव्हा आपण मालकाला सोडलं आणि टेम्पोला शिव्या दिल्या. दोन वर्षं मला हे कळलेलं आहे आणि मी इथे येऊन बोलले नाही, कारण मला माझ्या टाळ्या सोडवत नव्हत्या. तानाजी, तू त्यांचं लोणचं खातोस. एक तारखेनंतर त्यातल्या तीस जणी नसतील. त्या गेल्या की नवीन येतील त्या आपल्याला ओळखत नसतील, आणि पुढच्या टाळेबंदीत त्याही टेम्पोत बसतील. तेव्हा तुझ्या पोराची भरती कोण वाचवणार?"

मग तासभर नुसता गोंधळ. दोघंतिघं एकदम बोलत होते. एकानं दहा वर्षांपूर्वीचा कँटीनचा विषय उकरून काढला. अण्णांनी चार वेळा टेबल आपटलं. साचे विभागातला एक माणूस, ज्याचा आवाज सारिकानं कधी ऐकला नव्हता, तो उठून म्हणाला की त्याची बहीण इचलकरंजीत अशीच ठेक्यावर आहे, आणि एवढंच बोलून बसला. सगळं बेशिस्त होतं, कानठळ्या बसत होत्या, आणि सारिकाला कित्येक वर्षांनी आपण जिवंत माणसांत बसलो आहोत असं वाटलं.

हात वर झाले; अध्यक्ष म्हणून अण्णांनी मत दिलं नाही. बाजूने वीस, विरोधात तेरा, तटस्थ दोन. तटस्थांतला एक तानाजी होता. मान खाली घालून शेंगा सोलत बसला होता. अण्णांनी निकाल जाहीर केला, सारिकाकडे न बघता वहीवर सही केली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाच्या सुट्टीत ती सेहेचाळीस छापील अर्ज घेऊन कोअर शॉपमध्ये गेली. रात्रभर तिनं हा क्षण मनात घोळवला होता. बायका गोळा झाल्या, एकमेकींच्या पाठीवर कागद ठेवून सह्या करू लागल्या. एकजण रडली, तिला दुसरी ओरडली की सहीवर पाणी पडेल. हसीनानं सही केली आणि अर्ज उलटा केला.

"मागं काय हाय हे?"

"मुखत्याराची संमती. ते सक्तीचं नाही, सोड ते."

हसीनानं ओठ हलवत सगळं वाचलं आणि चौकटीत खूण केली. तिचं बघून शेजारणीनं केली. मग सगळ्याच अर्ज उलटे करू लागल्या.

"अगं, सोड म्हटलं ना!" सारिकाचा आवाज चढला. "त्याच्याशीच तर भांडले मी! कालच्या सभेत माणसं होती म्हणून तुम्ही आत आलात. तुमचे मुखत्यार बसवले की परत तेच. तुम्ही स्वतः यायचं सभेला, स्वतः बोलायचं, त्याच्यासाठी केलं हे सगळं."

"ताई, राग मानू नका," हसीना म्हणाली. तिचाही आवाज आता मऊ नव्हता. "काल आमचं ठरत हुतं, तवा आमी कुठं हुतो?"

"इथे. कामावर."

"व्हय. हितनं पन्नास पावलांवर. सभा चारला, आमी सुटनार सातला. तुमी छत्तीस जन आमच्यावरनं तासभर भांडलासा, आनि आमच्यातली एकबी तितं नव्हती. कुनी इचारलं का, ह्यास्नी बोलवा म्हणून? सभासद झालो म्हणून काय घड्याळ बदलनार हाय का? मग मशिन का नको? ते तरी बसंल की आमच्या जागी. येऊ आमी सोता. साडेसातला घ्या सभा, ही खूण आत्ता खोडते."

"साडेसातला कोण थांबणार गं?" सारिका म्हणाली.

म्हणून गेली, आणि मग तिनं स्वतःचंच वाक्य ऐकलं. हसीनानं खूण केलेला अर्ज तिच्या हातात दिला. भोंगा वाजला, बायका टेबलांकडे गेल्या. सेहेचाळीस अर्ज, सेहेचाळीस खुणा. सारिका तो गठ्ठा घेऊन उभी राहिली. तिला हसीनाचा राग आला, बायकांचा आला, रुसलेल्या अण्णांचा आला, आणि सगळ्यात जास्त राग त्या वाक्याचा आला, जे विचार न करता, अगदी आपलं म्हणून तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं. पाच वर्षं यंत्रं बसवली, माणसं येत नाहीत म्हणून गळे काढले, आणि सभेची वेळ बदलून बघायचं एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं. तिलाही नव्हतं. तिची पाळी साडेतीनला सुटायची, तिला चारची सभा सोयीची होती.

साडेतीनला तिची बस आली आणि गेली. ती कोअर शॉपच्या पायरीवर बसली. घरी फोन करून आमटी गरम करून घ्या म्हणाली. साडेतीन तास म्हणजे किती, हे तिला पाठ टेकायला जागा नसलेल्या त्या पायरीवर कळलं, आणि आतल्या बायका तर उभ्या होत्या.

सातला दार उघडलं. बायका पदरानं तोंडावरची वाळू पुसत झपाझप बाहेर पडल्या. फाटकाशी त्यांच्या सहा आसनी रिक्षा उभ्या होत्या. तिला बघून हसीना थांबली.

"गाडी चुकली का, ताई?"

"नाही. थांबले."

"कशाला?"

"सभेला."

हसीनानं तिच्याकडे बघितलं, मग फाटकाकडे. गाडीवाल्यानं भोंगा दिला. तिनं हात करून त्याला थांबायला सांगितलं आणि आणखी चार-पाच जणींना हाक मारली. "धा मिनटं हायती," ती म्हणाली. "बोला काय बोलायचं ते."

सारिकानं तोंड उघडलं. भाषण तयारच होतं, बावीस वर्षं ते तयारच असायचं. ऐक्य, लढा, करार, सगळे शब्द जिभेवर रांगेत उभे राहिले. तिनं तोंड मिटलं आणि पायरीवर सरकून जागा केली.

"मी नाही," ती म्हणाली. "तू बोल."

हसीना बसली नाही. तिनं डबा खाली ठेवला, ती खोकली, आणि तिनं मोजायला एक बोट दुमडलं.

"पयलं म्हंजे, आमच्या विभागातला धूळ ओढायचा पंखा तीन वर्षं बंद हाय," ती म्हणाली, "आनि त्यातली दोन वर्षं तुमी त्याच्याच खाली बसून आमच्यासंगं जेवलाय."